लंगोट धुणं सोपं, वाळणं अवघड

आषाढ, मंगळवार

बाळाला कापडी डायपर वापरतो म्हटलं की सगळे धुण्याचंच विचारतात. शी कशी काढता, किळस नाही वाटत, आपल्या कपड्यांच्या मशीनमध्येच टाकता का! रत्नागिरीत राहून वाळण्याचं कोणीच कसं विचारत नाही, याचं मला नवल वाटतं. धुण्यात काय आहे? शीचं डायपर कमोडवर धरायचं, जेटने फवारा मारायचा, गार पाण्यात खळबळून बादलीत टाकायचं आणि रात्री मशीन लावायचं. चिऊ नुसती अंगावर पीत होती तोवर तर फवाराही लागत नव्हता, ती शी पाण्यात आपोआप विरघळायची. आता नाचणीसत्त्व आणि मऊ भात सुरू झाल्यापासून मामला चिकट झालाय, एवढंच.

खरा प्रश्न पडवीतल्या दांडीवर टांगलेला आहे. रविवारी धुतलेले सोकर (म्हणजे डायपरच्या बाहेरच्या, पाणी न झिरपणाऱ्या कव्हरच्या खिशात सारायच्या गाद्या) अजून तिथेच आहेत. वरून हात फिरवला तर कोरडे लागतात. कडेची शिवण दोन बोटांत धरून दाबली की आतून थंडगार. बांबूच्या कापडाचे चार थर एकावर एक ठेवून चहूबाजूंनी टीप मारलेली. मधल्या थरातलं पाणी जाणार कुठून? नाकाशी धरलं तर तो ओळखीचा कुबट वास. की पुन्हा धुवा. घाण झालेलं धुवायला काही वाटत नाही, स्वच्छ धुतलेलं पुन्हा धुवायला जिवावर येतं.

बांबू आणि हेम्प (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड) शोषायला एक नंबर. पण जे कापड पाणी धरून ठेवायला चांगलं, ते पाणी सोडायलाही तितकीच खळखळ करणार. ज्या मुलींचे व्हिडिओ मी बघते त्यांच्या मागे कायम कडक ऊन आणि गच्चीवरची दोरी असते. त्यांच्या गावाला त्यांचं बरोबरच आहे.

आई (सासूबाई) येता-जाता त्या दांडीकडे बघतात. आज शेवटी बोलल्या, "अगो, ते गोधडीचे तुकडे या पावसात वाळायचे नाहीत हो."

त्यांच्या वेळी शेगडीत निखारे घालून वर डालगं पालथं घालायचे आणि त्यावर लंगोट, दुपटी पसरायची. खाली निखाऱ्यावर चिमूटभर ओवा-धूप. म्हणजे वाळणंही झालं, धुरीही झाली. माझ्या नवऱ्याचे सगळे लंगोट असे धुरावर वाळलेले आहेत. मात्र शेगडीजवळ एक माणूस बसवावंच लागे, असंही त्याच म्हणाल्या. आता ते बसवायचं माणूस कुठून आणायचं!

दिव्यांची अवस

दिवे घासून झाले, कणकेचे दिवे उकडले, आणि जेवता जेवता नवऱ्याने ड्रायरचा विषय काढला. एकदा पैसे टाकायचे आणि सुटायचं. आईंना कल्पना पसंत पडलेली दिसली.

मी अडून बसले. वीज बिल हे एक, आणि दुसरं म्हणजे ज्यासाठी हे सगळं करतोय तेच त्यात जातं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2008 साली दोन्ही प्रकारच्या डायपरचा हिशोब प्रसिद्ध केला होता. पहिली अडीच वर्षं धरून एका मुलामागे वापरून फेकायच्या डायपरचा कार्बन साधारण 550 किलो, आणि धुऊन वापरायच्या डायपरचा 570. म्हणजे कापडीचा जास्तच! पण पुढचा भाग महत्त्वाचा आहे. मशीन पूर्ण भरून लावलं, सगळं दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापडीचा आकडा सुमारे 40 टक्क्यांनी उतरतो. उलट दर वेळी ड्रायर फिरवला की सगळा फायदा धुपून जातो. कापड आहे म्हणून ते आपोआप पुण्याचं होत नाही, दोरीवर वाळलं तर होतं.

"मग दुसऱ्या मुलाचंही ठरलं म्हणायचं," नवरा म्हणाला. आईंनी हसू दाबायला ताट उचललं. ड्रायरचा विषय तिथेच संपला.

श्रावण, शुक्रवार

आईंनी ट्रंकेतून सासऱ्यांची जुनी धोतरं काढून दिली. कितीतरी वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, उजेडाला धरलं तर पलीकडचं दिसेल असं. त्याचे हातभर लांबी-रुंदीचे चौकोन कापले आणि कडा नुसत्या दुमडून टीप मारली.

घडी अशी: चौकोन एकदा दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, झाले चार थर. मग उभ्या तीन घड्या, झाले बारा. ही पट्टी कव्हरमध्ये मधोमध ठेवायची आणि बटणं लावायची. ओलं झालं की झटकून मोकळं करायचं, पुन्हा एकेरी चौकोन. अंगात घालताना बारा थर, दांडीवर एक! सकाळी टाकलेले चौकोन पंख्याखाली दुपारच्या चहापर्यंत वाळतात. दमट राहिलेच तर सरळ इस्त्री फिरवते. कव्हरला मात्र इस्त्री लावायची नाही, कडकडीत उकळतं पाणीही नाही, त्याचं रबरी अस्तर सुटतं. कव्हर तसंही झटकलं की निम्मं वाळतं, त्याचा त्रास नाही.

शिवाय धोतर पहिल्या दिवसापासून शोषतं. नवा बांबू किंवा हेम्प आणला की तो पाच-सात वेळा धुवावा लागतो तेव्हा कुठे पाणी प्यायला लागतो, तोवर सू त्याच्यावरून घरंगळते आणि बाया म्हणतात कापडी डायपर गळतात. गळण्याचं दुसरं कारण म्हणजे मांडीचं इलॅस्टिक. ते मांडीवर नको, जांघेच्या घडीत बसायला हवं, चड्डीचं बसतं तसं. कंबरेला दोन बोटं सरकतील इतकं सैल. आणि घडीचं टोक कव्हरच्या बाहेर डोकावलं की संपलंच, झबलं ओलं झालंच म्हणून समजा.

धोतराला एक खोट आहे. ते लगेच ओलं लागतं आणि आमची राणी लगेच तक्रार करते. म्हणून नवऱ्याच्या फाटक्या फ्लीसच्या जाकिटाचे लांबट तुकडे कापून घडीवर ठेवते. फ्लीस पाणी खाली जाऊ देतं, स्वतः फारसं ओलं होत नाही.

श्रावण, नारळी पौर्णिमेच्या आधी

जांघेत लाल झालंय. या हवेत व्हायचंच. दोन-अडीच तासांनी बदलतेय, मध्ये थोडा वेळ उघडी ठेवतेय. खोबरेल चालतं, पण जाडसर पांढरं मलम लावायचं असेल तर खाली मलमलीचा तुकडा घालते, नाहीतर ते कापडात बसतं आणि मग कापड पाणी घेईनासं होतं. कपडे मऊ नि सुगंधी करणारं ते औषध मशीनमध्ये घालायचं नाही तेही याच कारणाने. लालीच्या कडेने बारीक पुळ्या दिसल्या तर डॉक्टरांकडेच जायचं, घरगुती प्रयोग नकोत.

रात्री बाजारचं डायपर घालते. हो, घालते. पावसाळ्यात रात्रीची झोप आणि कोरडी गादी या दोन्हींची किंमत मला माहीत आहे, आणि दिवसभराचं कापडी त्या एका डायपरने वाया जात नाही. फक्त ते कागदात नीट गुंडाळून वेगळं देते. 2016 च्या घनकचरा नियमांत वापरलेलं डायपर गुंडाळून द्यायचं, आणि गुंडाळायला पिशवी कंपनीने द्यायची, असं लिहिलं होतं. आमच्याकडे येणाऱ्या पाकिटात अशी पिशवी मी अजून पाहिलेली नाही. घंटागाडीवरच्या बाई हाताने कचरा निवडतात, त्यांच्या हाताला आपल्या बाळाचं हे सगळं का लागावं?

गौरी गेल्या, दुसरा दिवस

ताई (नणंद) गौरी-गणपतीला माहेरी आल्या, सव्वा वर्षाच्या लेकाला घेऊन. त्याही कापडीवाल्या. छत्रपती संभाजीनगरला त्यांच्याकडे ऊन असं, की पाऊस नसेल तेव्हा दोन-तीन तासांत कपडे कडक होतात. मी हेव्याने मरत होते. त्यांनी पिशवी उघडली आणि अमोनियाचा भपकारा आला. धुतलेल्या डायपरचा!

"कोरडे असले की वास कमीच असतो गं. त्याने सू केली की डोळ्यांत पाणी येतं," ताई म्हणाल्या. त्यांच्याकडे बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर, नळाच्या तोंडाला पांढरा थर. जे बादलीला बसतं ते कापडात बसणारच. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या त्या पाण्यात साबण नीट काम करत नाही, निम्मा फेसाआधीच फुटून जातो आणि त्याची साय कापडाच्या धाग्यांत अडकते. आत राहिलेल्या मळावर जंतू पोसतात, ते सूतल्या युरियाचा अमोनिया करतात. मग ताई आणखी पावडर घालणार, थर आणखी वाढणार.

आम्ही त्यांच्या मायक्रोफायबरच्या (अगदी बारीक कृत्रिम धाग्याच्या) सगळ्या गाद्या आमच्या मशीनमध्ये घातल्या, नुसत्या कोमट पाण्यात, पावडरीचा कणही न घालता. काचेतून बघतोय तर फेस! पाणी सोडलं, पुन्हा भरलं, पुन्हा फेस. आई चष्मा लावून बघायला आल्या. आमचं जांभ्याच्या विहिरीचं पाणी मऊ, त्याला साबण थोडका लागतो आणि एकदा लागला की लवकर जात नाही, म्हणून मी पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्मीच पावडर घालते. ताईंच्या गाद्यांतला साठा निघता निघता दुपार झाली. संध्याकाळी लेकाला त्याच घातल्या, रात्री बदलताना ताईंनी मुद्दाम नाक खुपसून वास घेतला आणि मला हाक मारली.

तिथे गेल्यावर पावडरीबरोबर चमचाभर धुण्याचा सोडा घालून बघणार आहेत, आणि पावसाचं पाणी पिंपात साठवून शेवटचं विसळण त्यात.

पण आमचा खरा सौदा वेगळाच झाला. मायक्रोफायबर नुसतं अंगाला लागलं तर कातडी कोरडी पाडतं, त्यामुळे ते नेहमी कव्हरच्या खिशात आतच घालायचं. पण वाळतं मात्र झटकन, अगदी आमच्या पडवीतही. त्यांच्या पाण्यात ते सगळा साबण धरून बसतं. बांबूच्या जाड गाद्या इथे आठवड्याने वाळतात, त्यांच्या गच्चीवर दुपारी वाळतील. तेव्हा माझा बांबू त्यांनी नेला, त्यांचं मायक्रोफायबर मी ठेवून घेतलं. धोतराचे चौकोन दोघींनी वाटून घेतले. आईंनी आता ट्रंकेतलं नऊवारी काढलंय, त्याचे काठ सोडवायचे बाकी आहेत.