आक्षीचा मुक्काम : संकष्टी उलटल्यावरचा शनिवार

अलिबागजवळच्या आक्षीला तंबू टाकून राहायची तारीख पक्की झाली. सव्वीस जानेवारीची जोडून आलेली सुट्टी सोडून दिली, कारण त्या दिवसांत वडखळपासून अलिबागपर्यंत गाड्यांची जी रांग लागते ती बघूनच मुलांचा उत्साह मावळतो. पण खरं कारण भरती-ओहोटी. समुद्राकाठचा मुक्काम कॅलेंडरच्या लाल तारखा बघून ठरवला की पाणी नेमकं नको तेव्हा येतं.

आमच्या सासूबाई चौलच्या. मी मोबाईलवर भरती-ओहोटीचं कोष्टक उघडेपर्यंत त्यांचा बोटांवर हिशोब झाला होता. "अगं, तिथीची पाऊणपट करायची. पंचमी म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. मग ओहोटी कधी, तूच सांग." सहा तास मागे मोजले की पावणेदहा. मुंबईच्या अपोलो बंदराच्या कोष्टकाशी ताडून पाहिलं तर फरक अर्ध्या-पाऊण तासाचा निघतो, आणि आमच्या कामाला तेवढं पुरतं. मात्र पाण्यात उतरण्याआधी कोष्टक बघायचंच, हा नियम त्यांनाही मान्य आहे.

तिथीवर एवढं डोकं लावायचं कारण अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला. मुलांना तिथे चालत जायचंय. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी मस्त लांब ओसरतं, पण ते पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे किल्ला बघायला उजेड नाही. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बारा-एकला येते, पण ती भांगाची, म्हणजे कमजोर. पाणी हवं तेवढं मागे हटत नाही, आणि मग घोडागाडीवाल्याशी घासाघीस करत बसा. चतुर्थी-पंचमी-षष्ठी हा मधला पट्टा आमच्यासारख्यांसाठी. सकाळी चहा-पोहे उरकून आक्षीहून निघायचं, अलिबागच्या किनाऱ्यावर गाडी लावायची, पाणी उतरत असतानाच चालायला लागायचं आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभराच्या आत परत. किल्ल्यातलं गणपतीचं देऊळ आणि गोड्या पाण्याचं टाकं, एवढं बघायला तो वेळ भरपूर झाला.

चतुर्थी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, रद्द केली. "संकष्टीला तुम्ही माझ्यासमोर कोंबडी भाजणार?" प्रश्नच मिटला. वद्य पंचमीचा आणखी एक फायदा म्हणजे चंद्र रात्री दहाच्या पुढेमागे उगवतो. अंधार पडल्यापासून तोवर कृत्तिका, रोहिणी, मृग असं सगळं डोक्यावर. लेकाने दुर्बिणीची पिशवी आत्ताच भरून ठेवलीय.

जागेचं सांगायचं तर किनाऱ्यावर तंबू ठोकायचा नाही, हे आधीच ठरलेलं. सुरूच्या बनात सावली छान असते, पण खाली सुयांचा जाड थर, तिथे शेगडीची ठिणगीसुद्धा नको. म्हणून नारळी-पोफळीची एक वाडी घेतलीय. मालकांकडे दोन पक्के तंबू आहेत, आत पलंग, मागे संडास-बाथरूम. तो ग्लॅम्पिंगचा थाट आईंसाठी, त्यांच्या गुडघ्यांना जमिनीवर झोपणं झेपत नाही. आम्ही चौघं आमच्या तंबूत. चार माणसांचा तंबू म्हणून विकतात त्यात तीन माणसं आणि एक बॅग मावते, हे इथे कुणाला सांगायला नको. धाकटी आजीकडे झोपेल.

वाडीत तंबू लावणाऱ्यांनी मालकांना एक गोष्ट जरूर विचारावी: शिंपणं कधी? अष्टागरातल्या, म्हणजे या अलिबाग पट्ट्यातल्या, वाड्यांना पाटाने पाणी सोडतात. ज्या दिवशी पाळी असेल त्या दिवशी आळ्यांमधली जमीन भिजून जाते आणि तंबूचा तळ खालून गार. मी फोन केला तेव्हा आमच्या वाडीचे मालक, दादा, म्हणाले, "शुक्रवारी सोडून टाकतो, शनिवारी बंद. पण ताई, माडाखाली नका लावू हां." नारळ तर पडतोच, पण त्याहून जास्त वेळा वाळलेली झावळी येते, आणि ती अंगावर आली तर हसण्यावारी नेण्यासारखी नसते. कुंपणाच्या आतल्या बाजूची मोकळी पट्टी मिळाली आहे.

तिथली माती म्हणजे निम्मी वाळूच. कंपनीच्या बारक्या लोखंडी खुंट्या तिथे हाताने उपटून येतात. सोसायटीच्या मुलांच्या वाळूच्या खड्ड्यात चाचणी घेतली: जुन्या उशीच्या अभ्र्यात वाळू भरायची, तोंडाला दोरी आवळायची, हातभर खोल पुरायचं आणि वरून पायाने दाबायचं. नवऱ्याने दोरीला लोंबकळून पाहिलं. हलली नाही. खुंटी मात्र त्याच खड्ड्यातून दोन बोटांनी निघाली. अभ्रे रिकामेच न्यायचे, वाळू तिथली तिथेच परत.

तंबूच्या खिडक्या पूर्व-पश्चिम. दुपारी खारे वारे, रात्री उलटे मतलई, शाळेच्या भूगोलात पाठ केलेलं इथे कामाला येतं. दोन्ही बाजू उघड्या राहिल्या की आतल्या कापडावर दमट थेंब धरत नाहीत. बाहेरून दव पडणारच, त्यासाठी वर ताडपत्री तिरपी बांधणार. बूट रात्री तंबूच्या आत, सकाळी झटकूनच घालायचे. विंचू आणि फुरसं, दोन्ही या भागात असतात. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे मुलांकडून वदवून घेतलंय.

आता मुख्य मुद्दा, पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. मोसम हाच. वालाच्या शेंगा तिथल्याच घेणार. मडक्याच्या तळाला भांबुर्डा या रानटी झुडपाचा पाला, त्यावर ओवा आणि जाडं मीठ चोळलेल्या शेंगा, मग बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी, परत शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. साधारण अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र होऊन क्षणात उडालं की झालं. जाळाची जागा वाडीबाहेरच्या कापणी झालेल्या शेतात, दादांच्या देखरेखीखाली.

जाताना गाडी भाऊच्या धक्क्याहून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला, तासाभराचं काम. तिकीट आधीच काढायचं. येताना पेणमार्गे, कारण रविवारी बोटीची वेळ आणि मुलांची जेवणं जुळणं अशक्य.

समुद्रात डुंबणं शनिवारी दुपारी, पाणी चढतं असताना. ओहोटीच्या ओढीत कुणीच उतरायचं नाही, नवरासुद्धा. पक्षी बघणाऱ्यांसाठी: आक्षीच्या किनाऱ्यावर हिवाळी पाहुणे पाणी उतरतं असताना ओल्या वाळूवर चरायला येतात, पण त्या वेळी आम्ही किल्ल्यावर असू. म्हणून रविवारी सकाळी मी एकटी जाणार, बाकीच्यांना झोपू दे.

राहिलेली कामं: भांबुर्डा कुठल्या बांधावर मिळेल ते दादांना विचारणं, बिनतड्याचं मडकं, आणि आईंसाठी रात्री संडासच्या वाटेवर टांगायला मंद पिवळा दिवा. कुणाकडे रात्रभर चालणारा, दमट हवेत न गंजणारा दिवा असेल तर मॉडेल कळवा.