आमची वाटचाल : 200 किलो सोलं

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरात, पडवीच्या दारामागे खडूने एक आकडा लिहिलेला आहे. 200. दर पाडव्याला मी तो पुसते आणि पुन्हा तोच लिहिते. 200 किलो आमसुलं, म्हणजे आमच्याकडची सोलं, तीही पाऊस लागायच्या आत. माझ्या व्यवसायाचं ध्येय विचाराल तर ते एवढंच आहे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, विकत घेण्यापासून ते फोडणं, वाळवणं, पाकिटं भरणं, कुरिअरला देणं आणि रात्री वही लिहिणं, सगळं मी एकटी करते.

या एका आकड्यावर यायला मला चार वर्षं लागली. 2013 साली मुंबईतली हिशेबाची नोकरी सोडून गावी आले. अन्नपदार्थांच्या छोट्या धंद्याची नोंदणी वर्षाला 100 रुपयांत व्हायची, ती करून घेतली आणि हाताला लागेल ते करायला सुरुवात केली. आंबापोळी, फणसपोळी, आगळ, कोकम सरबत, कुळथाचं पीठ, मसाला. 2015 ला माझ्या यादीत 11 पदार्थ होते. अडचण अशी, की कोकणात आंबा, फणस, काजू, रातांबे सगळं एकाच मे महिन्यात हातघाईला येतं. आंबापोळीची ताटं उन्हात मांडावीत तोवर दारात रातांब्यांचे क्रेट येऊन पडलेले असत. एका वर्षी पुण्याच्या एका बाईंनी 20 किलो सोलं मागितली. माझ्याकडे 6 किलो होती. दर वर्षी घेणाऱ्या त्या गिऱ्हाईक. तो नकार मला फार लागला.

2017 च्या सुरुवातीला सगळ्या वह्या पुढ्यात घेऊन बसले. कोणता पदार्थ किती विकला, हे मला पाठ होतं. या वेळी मी वेगळं पाहिलं. एकदा घेतलेला माणूस दुसऱ्या वर्षी कशासाठी परत आला? सोलांसाठी. दहातले सात तरी सोलांसाठी. बाकीचं सगळं बंद केलं. घरातले म्हणाले, चालू गाडं कशाला मोडतेस. आंबापोळी सोडताना मलाही वाईट वाटलं, कारण ती मला आईने शिकवली होती. पण हात दोनच होते.

मग हिशेब मांडला. माझ्याकडे 10 किलो रातांब्यांची साधारण किलोभर सोलं होतात. 200 किलोंसाठी 2000 किलो रातांबे, म्हणजे 20 किलोंचे 100 क्रेट. एप्रिलच्या विसाव्या तारखेपासून मेअखेरपर्यंत कामाचे 35 दिवस धरले, तर रोज तीन क्रेट. एवढा मोठा आकडा रोजच्या तीन क्रेटवर आला, तेव्हा तो मला झेपेलसा वाटला.

ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. रातांबा फोडून बिया आणि गर वेगळा काढायचा. सालं उन्हात टाकायची. गराच्या रसात मीठ घालून ठेवायचं. संध्याकाळी सालं त्या रसात बुडवायची, सकाळी पुन्हा उन्हात. याला पुट देणं म्हणतात. मी चार पुटं देते. दोन पुटांतही सोलं दिसायला काळी होतात, बाजारात खपतातही, पण कढीत टाकली की रंग फिका येतो आणि आंबटपणा टिकत नाही. चौथ्या पुटानंतर साल बोटांत धरली तर मऊ, चिकट आणि जड लागते. तोवर बोटांची कातडी आंबटाने सुटलेली असते आणि नखं जूनपर्यंत काळी राहतात.

आकडा दारावर लिहिला त्या पहिल्या वर्षी, 2017 ला, 120 किलोंवर थांबले. कष्टाला मी मागे नव्हते. नोकरीत असताना संध्याकाळी साहेब विचारायचे, आजचं झालं का? इथे कोणी विचारत नव्हतं. दोन क्रेट झाले की पाठ भरून यायची, तिसरा उद्या फोडू असं म्हणायची. उद्या त्याचे चार व्हायचे आणि पिकलेले रातांबे दोन दिवसांत पाणी सोडायचे. स्वतःला दिलेला शब्द मोडला तर कोणाला कळतही नाही, आणि मी तो रोज थोडा थोडा मोडत होते.

पुढच्या वर्षी शेजारच्या काकी खळ्यात, म्हणजे आमच्या अंगणात आल्या. बियांच्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "ह्यो टाकतंस काय गो?" मी बिया टाकूनच देत होते. काकी बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं मुठेल, म्हणजे बियांचं तेल, काढतात. थंडीत टाचांना भेगा पडल्या की आमच्याकडे तेच लावतात. ठरलं, की बिया काकींच्या. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला काकी टोपली घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "आज किती झाले गो?" दोन म्हटलं की टोपली अर्धीच भरायची, आणि ती अर्धी टोपली आम्हा दोघींच्या मध्ये असायची. त्या कधी रागावल्या नाहीत. पण मी तीन क्रेट करायला लागले. 2018 ला 185 किलो झाली आणि 2019 ला पहिल्यांदा 200 च्या पुढे गेले.

मला वाटतं, एकट्याने धंदा करणाऱ्याला कौतुक करणारी माणसं बरीच भेटतात. ज्याचं काहीतरी आपल्या कामावर अडलेलं आहे, असं माणूस मात्र शोधावं लागतं. मला ते कुंपणापलीकडे मिळालं.

टाळेबंदीच्या वर्षी कुरिअर अडलं, पण नीट वाळलेली सोलं वर्षभर सहज राहतात, त्यामुळे ते निभावलं. खरी परीक्षा 2021 ला झाली. 16 मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. आदल्या रात्री मी सोलं खळ्यातून पडवीत, पडवीतून माजघरात आणली होती. कौलं उडाली आणि माजघरातही पाणी आलं. वीज कितीतरी दिवस नव्हती. तिसऱ्या पुटावर आलेल्या सोलांवर पांढरी बुरशी धरताना मी पाहिली. चुलीच्या धगीवर सुकवून काही वाचवली, 40 किलो टाकून द्यावी लागली. त्यानंतर म्हणावं तसं ऊन मिळालंच नाही. त्या वर्षी हाती आली 130 किलो, आणि आगाऊ पैसे घेतले होते 190 किलोंचे.

एका व्यापाऱ्याने तयार सोलं देऊ केली. दर चांगला होता. माझ्या पाकिटात भरली असती तर कोणाला कळलं नसतं, 200 चा आकडाही पुरा झाला असता. पिशवी उघडून मी एक साल चोळून पाहिली. दोन पुटांचीच होती. माझा शब्द 200 किलोंचा होता तसा चार पुटांचाही होता, आणि त्या वर्षी दोन्ही पाळणं शक्य नव्हतं. मी आकडा सोडला. 60 किलोंचे पैसे एकेका गिऱ्हाइकाला फोन करून परत केले. तीन जणांनी घेतले नाहीत, पुढच्या वर्षी द्या म्हणाले. पुण्याच्या त्याच बाई त्यांत होत्या. फोन ठेवून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

एका मोठ्या शहरातल्या दुकानाने माझे पैसे सात महिने अडकवले, तेव्हापासून घाऊक उधारी बंद केली. लहान उद्योगांसाठी 'उद्यम' ही सरकारी नोंदणी असते आणि अशा लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे, हे तेव्हा ठाऊक असतं तर मी इतकी गप्प बसले नसते. एकट्याने धंदा करणाऱ्यांनी एवढं तरी जरूर माहीत करून घ्यावं.

2016 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीची 12 कलमं लावली होती, त्यांतली 10 जगली. बियांपासून केलेल्या रोपांत निम्मी झाडं नर निघतात, त्यांना फळ धरत नाही, म्हणून कलमं. आता वर्षाला आठ-दहा क्रेट घरचेच निघतात.

गेल्या मे महिन्यात काकी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे ठाण्याला होत्या. मला वाटलं होतं, आता विचारायला कोणी नाही. पहिल्याच दिवशी दिवेलागणीला फोन वाजला. "आज किती झाले गो?"

दोन झाले होते. मी दोन म्हणून सांगितलं.

"बियो सुकत घाल. मी येतंय पंधरा दिवसांत."

फोन ठेवला, पडवीतला दिवा लावला आणि तिसरा क्रेट पुढे ओढला.