फ्रिजच सापडत नाही, सिस्टर

टोर्नेडो येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मदत केंद्रात लांब रांग होती ती मदत करायला आलेल्यांची. मागायला आलेले त्या मानाने थोडे होते. शाळेच्या मोठ्या हॉलला दोन दारं. एकातून घर पडलेले लोक यायचे, दुसऱ्यातून स्वयंसेवक. मी नर्स, माझं टेबल स्वयंसेवकांच्या दाराशी. ढिगाऱ्यात जाणाऱ्या प्रत्येकाला धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारायचं, गरज असेल तर टोचायचं, बुटांचे तळवे बघायचे आणि मगच पुढे सोडायचं.

बुटांवरून मी लोकांशी बरीच हुज्जत घातली. टोर्नेडोने घर उचकटलं की लाकडाच्या फळ्या खिळ्यांसकट सगळीकडे पसरतात, आणि त्यातले निम्मे खिळे टोक वर करून पडलेले असतात. अमेरिकेत इलिनॉयमधल्या मॅरियन गावी टोर्नेडोनंतर जखमींचा अभ्यास झाला होता. त्यात निम्म्या जखमा वादळ ओसरल्यावर, सुटका आणि साफसफाई करताना झालेल्या निघाल्या. जवळजवळ एक तृतीयांश जखमा तर खिळ्यावर पाय पडून झालेल्या. एवढं सांगूनही कापडी बुटातला तरुण म्हणतोच, ‘मी बघून चालेन.’ जाड तळव्याचे बूट मिळावेत म्हणून आम्ही सकाळपासून निरोप धाडत होतो. आलं काय, तर पोत्यांनी जुने कपडे, हिवाळी कोट आणि एका खोक्यात उंच टाचांचे सँडल! त्या कपड्यांची वर्गवारी करण्यात चांगली धडधाकट माणसं दिवसभर अडकली. देणाऱ्यांचं मन मोठं असतं, मान्य. पण काय लागतंय हे आधी विचारायला काय जातं?

अकराच्या सुमारास एक गृहस्थ आले. सत्तरीच्या आसपासचे असावेत, हातात चेनसॉ, अंगभर लाकडाचा भुसा. रात्रीपासून गल्लीतली पडलेली झाडं कापत होते. साखळीचं तेल संपलं म्हणून इथे आलेले. तेल घेऊन लगेच परत जायचं होतं, आणि माझ्या टेबलावर वेळ जातोय म्हणून ते वैतागलेले.

‘सिस्टर, मी पेशंट नाही. कामाला आलोय.’

‘बूट दाखवा, लगेच सोडते.’

डाव्या बुटाच्या तळव्याला बारीक भोक होतं. ते म्हणाले, ‘रात्री काहीतरी घुसलं होतं, उपटून टाकलं. दुखत नाही.’ या ‘दुखत नाही’नेच माझे कान टवकारले. बूट काढायला लावला. मोजा रक्ताने पायाला चिकटला होता, तळव्याला सूज होती आणि चिखलाने बुजलेली एक जखम. मधुमेह आहे का विचारलं. होता, बरीच वर्षं. पायाची संवेदना कमी झालेली, म्हणून दुखत नव्हतं.

‘इन्सुलिन घेता?’

‘घेतो. फ्रिजमध्ये असतं.’

‘वीज नाही ना? पण उघडलेली बाटली साधारण महिनाभर बाहेर चालते, फार उष्णता नको इतकंच. घेऊन या.’

‘फ्रिजच सापडत नाही, सिस्टर.’

मग घराची चौकशी केली. छप्पर गेलं होतं, स्वयंपाकघराची बाजू गेली होती. ‘तीन भिंती आहेत की,’ म्हणाले. पलीकडच्या दाराने जाऊन नाव नोंदवा म्हटलं, तर ठाम नकार. ‘तिकडे घरं गेलेली माणसं बसलीत.’

त्यांना दवाखान्यात पाठवणं मला भाग होतं. अशी जखम वरून बंद केली की घाण आत कोंडते. ती उघडून धुवावी लागते, आत काही राहिलंय का ते बघावं लागतं. कोविडनंतर म्युकरमायकोसिस हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. मिसूरी राज्यातल्या जॉप्लिनला मे २०११ मध्ये मोठा टोर्नेडो झाला, तेव्हा माती आणि काटक्या घुसलेल्या जखमांतून तिथल्या १३ जणांना हाच बुरशीचा आजार झाला होता. त्यातले ५ दगावले. गृहस्थांना मी हे सगळं ऐकवलं नाही. ‘पाय राहिला तर चेनसॉ चालवाल,’ एवढंच म्हटलं.

ते तरीही उठेनात. मग खिशातून खोक्याचा फाडलेला पुठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर पेन्सिलीने गल्लीतली घरं काढलेली. एका घरापुढे ‘ऑक्सिजन मशीन, वीज नाही’. एकापुढे ‘चाकाची खुर्ची, दारात झाड’. कोपऱ्यातल्या घरापुढे ‘गॅसचा वास, सांगून ऐकत नाहीत’. एकापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. हे कोण करणार, असा त्यांचा सवाल होता.

मी पुठ्ठा घेऊन थेट पलीकडच्या दाराशी गेले आणि यादीतली घरं त्यांच्या नोंदवहीत शोधायला लावली. एकाचीही नोंद नव्हती. असणार कशी? ज्याला ऑक्सिजन लागतो तो दोन मैल चालत अर्ज भरायला येत नाही. इकडे तीसेक माणसं हातमोजे चढवून ‘काम सांगा’ म्हणत उभी होती. तरी आमची खुर्चीतून उठायची तयारी नव्हती, कारण पद्धत अशी की आधी मागणी नोंदवायची, मग माणूस पाठवायचा.

गॅसच्या वासाचं आधी अग्निशमन दलाला कळवलं, तिथे स्वयंसेवक पाठवायचे नसतात. ऑक्सिजनसाठी भरलेला सिलिंडर रुग्णवाहिकेतून गेला. झाडाच्या कामाला त्यांचीच चेनसॉ घेऊन दोन जाणती माणसं निघाली. मशीन दुसऱ्याच्या हाती देताना गृहस्थांनी साखळी ताणून दाखवली, तेल कुठे घालायचं ते दोनदा सांगितलं, आणि मगच गाडीत बसले. बसताना पलीकडच्या दाराचा अर्ज मी त्यांच्या मांडीवर ठेवला. सही केली, पण ‘नुकसान’ या रकान्यात फक्त ‘छप्पर’ लिहिलं. बाकीचं मी भरलं.

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला. जखमेतून बुटाच्या तळव्याचा रबरी तुकडा निघाला होता, त्यांना ठेवून घेतलं होतं आणि इन्सुलिन सुरू केलं होतं. सोबत त्यांचा प्रश्न, प्रश्नचिन्हाच्या घराचं काय झालं? तिथल्या बाई मुलीकडे गेल्या होत्या, सुखरूप होत्या. तसं कळवलं.

त्या दुपारपासून स्वयंसेवकांच्या फॉर्मवर एक ओळ हाताने वाढवली: ‘तुमच्या गल्लीतलं कोण अजून इथे आलेलं नाही?’ जवळपास राहणारा प्रत्येक जण तिथे निदान एक नाव लिहीत होता. संध्याकाळपर्यंत ती नावं मागच्या पानावर गेली होती.