हिरवं अंडं वन्संच्या घरी

काल वन्संचा नंदगडहून फोन आला. पाऊस, भात, पोराची परीक्षा सगळं बोलून झालं आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या त्या तांबड्या तलंगीनं हिरवं अंडं घातलंय बघा. नासकं म्हणून टाकायलो होतो. फोडलो तर आत बरोबर हाय. पोराला पोळी करून घातलो."

ती तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, मीच त्यांना दिलेली. मी "बरं झालं" म्हटलं. रात्री झोप मात्र लागली नाही.

टरफलाचं काय केलंत, हेही विचारलं नाही. मिरचीच्या आळ्यात चुरून टाकलं असणार. मला ते आतून बघायचं होतं. निळा रंग टरफलाच्या आरपार असतो, तांबूस रंग शेवटच्या काही तासांत वरून चढतो. निळ्यावर तांबूस बसला की बाहेरून हिरवं, आतून फिकट निळं. एवढं बघण्यासाठी किती वाट पाहिली! निळ्या अंड्याच्या वंशाचा म्हणून गोव्याहून कोंबडा आणला तेव्हा ह्यांनी म्हटलं होतं, त्यापेक्षा गिरिराज जातीचा आण, वजन तरी भरेल. आमच्या शनिवारच्या बाजारात गिऱ्हाईक तांबूस अंडंच शोधतं, हेही खरं. आणि खाण्यात तर रंगाने काहीच फरक पडत नाही. तरी मला ते हवं होतं. का, ते ह्यांना आजवर नीट सांगता आलेलं नाही.

कोंबडा स्वतः अंडी घालत नाही. त्याच्यात कोणता रंग आहे ते त्याच्या लेकी पाच-सहा महिन्यांच्या होऊन अंड्यावर आल्या की कळतं. तोवर हाताशी एकच खूण, तुरा. निळ्या अंड्याचा आणि बसक्या, तीन ओळींच्या तुऱ्याचा गुण एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसलेला असतो, म्हणून ते बहुधा जोडीनेच पिल्लात उतरतात. त्या हिशेबाने बसक्या तुऱ्याच्या तलंगी मी ठेवल्या आणि उभ्या करवती तुऱ्याची ती तांबडी वन्संच्या डालग्यात घालून दिली. माहेरी आल्या होत्या, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

इथे येळ्ळूरला माझ्या ठेवलेल्या तलंगी मलईच्या रंगाची अंडी घालताहेत. तिथे दिलेलीने हिरवं घातलं.

दिलेलं परत मागायचं नाही, हे आमच्या घरात शिकवावं लागत नाही. वन्सं लगेच देतील, तेच तर अवघड आहे. देतील आणि सासूबाईंना सांगतील, वहिनींनी कोंबडी परत नेली म्हणून. बदल्यात दोन गिरिराज पाठवल्या तरी गोष्ट तीच. आणि त्या पोराला ती आवडते म्हणे, अंगणात मागे मागे फिरते.



पहाटे उठून कोंबड्याचा तुरा पुन्हा न्याहाळला. बसकाच आहे, पण ते आई-बापांपैकी एकाच बाजूने आलेलं असेल. दुसऱ्या बाजूला उभ्या तुऱ्याचा गुण लपलेला असेल आणि याच्यात निळा रंग त्या बाजूलाच चिकटला असेल, तर खूण उलटी होते. बसक्या तुऱ्याच्या लेकी मलई, उभ्या तुऱ्याच्या हिरव्या! इंग्लंडची क्रीम लेगबार ही जात तशीच, उभा तुरा आणि निळं अंडं. १९३३ मध्ये केंब्रिजचे आनुवंशिकीतज्ज्ञ पनेट यांनी निळ्या रंगाचा गुण पिल्लांत कसा उतरतो ते दाखवलं. २०१३ मध्ये कळलं की पूर्वी कधीतरी एक विषाणू कोंबडीच्या गुणसूत्रात घुसून बसला आणि त्यातूनच हा रंग जागा झाला. चिलीच्या कोंबड्यांत तो एकदा घुसला, चीनच्या कोंबड्यांत स्वतंत्रपणे पुन्हा. हे वाचलं की मला अजून अंगावर काटा येतो.

म्हणजे रंग गेलेला नाही, नंदगडला आहे. सकाळपासून तेवढ्यावर जीव जरा थाऱ्यावर आलाय.

कोंबडी मागता येत नाही, पण कोंबडा पाठवता येतो. बाप-लेकीची जोडी लावून रंग पक्का करणं पैदासवाल्यांत चालतं. दोघांकडे निळ्याचा एकेक अंश असला तर चारांतलं साधारण एक पिल्लू दोन्ही बाजूंनी निळं निघेल, आणि तो नर असला तर पुढे त्याच्या सगळ्या लेकी रंगाच्या. अंडी वन्संच्याच खुडूक कोंबडीखाली बसवायची, पिल्लं निम्मी त्यांची. फक्त त्यांचा गावठी कोंबडा आधी वेगळा करायला हवा, कारण त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. तेवढे दिवस त्याला कुठे ठेवतील, ते दुपारी फोन करून विचारते. टरफलं टाकू नका, हेही सांगते.