भोक असलेली कांब

जुन्या खोक्याच्या तळाशी हात घातला आणि खोकंच जमिनीला खिळलंय असं वाटलं. निघाली एक करडी, ओबडधोबड कांब. वीतभर लांब, बाजू किंचित उतरत्या, वरचा पृष्ठभाग मध्ये जरासा खचलेला. म्हणजे उघड्या साच्यात ओतलेली: धातू थिजताना आक्रसतो, आणि बाजू तिरप्या असल्या की साचा उपडा करताच वडी सुटते. एका टोकाला भोक, दुसरं टोक मोडलेलं. शिक्का, अक्षर, काही नाही.

चुंबक चिकटेना. मग आर्किमिडीजला शरण गेलो. पाण्याचं पातेलं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि कांब दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धरली, तळाला न टेकवता. काट्यावर १५० ग्रॅम. तेवढं पाणी तिने बाजूला सारलं. कोरडं वजन १,५५०. भागाकार १०.३, म्हणजे पाण्याच्या इतकी पट घनता.

कथील ७.३, शिसं ११.३. आणि चांदी? १०.५. दागिन्यांची, तांबं मिसळलेली ९२.५ टक्के चांदी तर १०.४ च्या आसपास! खरं सांगतो, पुढचा अर्धा तास मी काहीही तपासलं नाही. तपासायची इच्छाच होईना.

शेवटी मोडलेल्या टोकाने घात केला. चांदी वाकते, चेपते. अशी कटकन तुटत नाही. तुटल्या जागी करडे बारीक दाणे दिसत होते. कागदावर घासली तर पेन्सिलीसारखी रेघ उमटली. म्हणजे शिसंच, पण त्याला कडक आणि ठिसूळ करणारं अँटिमनी मिसळलेलं, सोबत थोडं कथील. हा तर छापखान्यातल्या खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांचा धातू!

आणि मग ते भोक उलगडलं. लायनोटाइप यंत्राच्या भट्टीवर अशा कांबी टांगत. भट्टीतला रस कमी होईल तशी कांब हळूहळू आत उतरे. १८८६ साली ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये वापरात आलेल्या या यंत्रात एकेक खिळा जुळवावा लागत नसे, ओळच्या ओळ ओतून बाहेर पडे. छपाई झाली की ओळी वितळवायच्या आणि पुन्हा कांबी पाडायच्या. या कांबेने किती मजकूर गिळलाय कोण जाणे.

हात साबणाने दोनदा धुतले. शिशाच्या धास्तीने ते पातेलं स्वयंपाकघरातून कायमचं हद्दपार झालं. आणि त्या अर्ध्या तासात मी दोघांना फोन करून बसलो होतो, ते निस्तरणं अजून चालू आहे.