घडीच्या चाकूचे पोलाद: पावसाळाभर चाललेली निवड

मे, पावसाआधी

रोज खिशात राहील असा एक घडीचा चाकू यंदा पावसाळा संपल्यावर नव्याने घ्यायचे ठरवले आहे. मूठ, लॉक आणि वजन यांचा विचार नंतर करता येईल. आधी पात्याचे पोलाद निश्चित करायचे आणि ते आमच्या रत्नागिरीच्या खाऱ्या, ओल्या हवेत जोखून मगच निश्चित करायचे, एवढे या नोंदींचे प्रयोजन आहे. पाते साडेसात ते साडेआठ सेंटिमीटरचे हवे. त्याने करायची कामे साधी आहेत: कैऱ्या आणि फळे कापणे, सुतळी व काथ्याचा दोर तोडणे, पुठ्ठ्याची खोकी उघडणे, आणि बागेत कलमांच्या पट्ट्या सोडवणे.

हाताशी सध्या दोन चाकू आहेत. पहिला ओपिनेलचा आठ नंबर. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात १८९० पासून बनत आलेल्या या चाकूचे पाते साध्या कार्बन पोलादाचे आहे, ज्याला कारखाना एक्ससी९० म्हणतो आणि ज्यात कार्बन सुमारे ०.९ टक्के असून क्रोमियम जवळपास नाही. दुसरा व्हिक्टोरिनॉक्सचा, त्याचे पोलाद १.४११० या क्रमांकाचे, सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि पंधरा टक्के क्रोमियम असलेले, आणि कठीणपणा रॉकवेलच्या सी मापावर ५५ ते ५६, म्हणजे आजच्या मानाने मऊच. ओपिनेलची धार लावताना जो आनंद मिळतो तो व्हिक्टोरिनॉक्सच्या धारेत नाही; पण ओपिनेलने कैरी चिरून पाते पुसायचे राहिले, तर घटकाभरात त्यावर करडे-जांभळे डाग उमटतात आणि फोडींनाही लोखंडाची चव लागते. या दोहोंच्या मधले काहीतरी हवे आहे.

आमच्या मित्रमंडळींकडून तीन वेगवेगळ्या पोलादांची पाती उसनी मिळाली आहेत, नावे पोलादांचीच: डी२, १४सी२८एन आणि एस३५व्हीएन. सगळ्यांवर डायमंड पट्टीने दर बाजूस २० अंशांची धार नव्याने घातली आहे, कारण कारखान्याच्या धारेचा कोन प्रत्येक चाकूवर निराळा असतो आणि तो तसाच ठेवून केलेली तुलना पोलादाची न राहता कारखान्यातल्या ग्राइंडिंगची होते.

जून अखेर

पाऊस लागून आता बरेच दिवस झाले असून घरातले मीठ पाझरू लागले आहे. गंजाबाबत जे अपेक्षित होते ते बहुतांशी दिसले, पण डी२ विषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे स्वस्त आणि मध्यम किमतीच्या चाकूंत सध्या याच पोलादाचा सुळसुळाट आहे.

डी२ हे मुळात डाय आणि पंच, म्हणजे धातू कापण्या-दाबण्याचे साचे, यांच्यासाठी घडवलेले पोलाद. पुणे-पिंपरीच्या टूलरूममध्ये काम केलेल्या कोणालाही ते एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोमियम) या नावाने ठाऊक असते. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते, आणि हा बारा टक्क्यांचा आकडा वाचून पुष्कळजण ते गंजणार नाही असे धरून चालतात. पोलाद गंजापासून वाचते ते त्याच्या पृष्ठभागावर तयार होणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर टिकण्यासाठी साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम धातूत मोकळे, म्हणजे विरघळलेल्या स्थितीत असावे लागते. डी२ मध्ये कार्बन इतका भरपूर आहे की तो क्रोमियमचा मोठा हिस्सा ओढून घेऊन त्याची कार्बाइडे, म्हणजे कार्बन आणि धातूचे अतिशय कठीण कण, बनवतो. ही कार्बाइडे धार टिकवतात, पण त्यांत अडकलेले क्रोमियम गंजाशी लढायला उरत नाही. म्हणूनच कागदावर त्याच्याहून थोडेसेच जास्त, म्हणजे चौदा टक्के, क्रोमियम असलेले १४सी२८एन ओल्या फडताळात स्वच्छ राहिले आणि डी२ वर तांबूस ठिपके आले.

ठिपके कुठे आले हेही पाहण्यासारखे आहे. पात्याच्या सपाट बाजूवर ते फारसे नव्हते. ते होते लेझरने कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत, नखाने पाते उघडण्याच्या खोबणीत आणि बिजागरीच्या वॉशरखाली, जिथे ओल एकदा शिरली की वारा पोहोचत नाही. त्याच कारणाने बारीक मणी मारून मॅट केलेल्या पात्यांपासून कोकणातल्या माणसाने दूर राहावे, असे माझे मत झाले आहे. तो खरखरीत पृष्ठभाग दिसतो देखणा, पण पाणी धरून ठेवतो, आणि एरवी न गंजणारे पोलादही त्या फिनिशमध्ये लवकर डागाळते.

ओपिनेलची गत वेगळीच झाली. पात्यावर आता काळपट थर बसला असल्याने गंज आटोक्यात आहे, पण लाकडी मूठ ओल पिऊन फुगली असून पाते नखाने निघेनासे झाले आहे. मुठीचे टोक टेबलाच्या कडेवर आपटून पाते बाहेर काढण्याची साव्हॉयकरांची जुनी युक्ती आहे, तीच सध्या चालू आहे.

जुलै

हा महिना कापाकापीत गेला. काथ्याचा दोर हे धारेचे मोठे कठोर परीक्षण आहे, कारण त्याच्या तंतूंत वाळूचे बारीक कण अडकलेले असतात. पुठ्ठाही तसाच, त्यात खनिज भुकटी असते. शेफिल्डच्या काट्रा या कटलरी संशोधन संस्थेची प्रमाण चाचणीसुद्धा सिलिका मिसळलेल्या जाड कागदावरच होते, म्हणजे आपली घरगुती पद्धत ओबडधोबड असली तरी तिची दिशा चुकीची नाही.

क्रम असा लागला: धार सर्वांत जास्त टिकली ती एस३५व्हीएन वर, त्याखालोखाल डी२ वर, मग १४सी२८एन, मग ओपिनेल, आणि शेवटी व्हिक्टोरिनॉक्स. यात नवल काही नाही. एस३५व्हीएन हे अमेरिकेतल्या क्रूसिबल या कारखान्याचे २००९ सालचे पोलाद. २००१ च्या एस३० व्ही या पोलादातले व्हॅनेडियम चारावरून तीन टक्क्यांवर आणून त्यात अर्धा टक्का नायोबियम घातले आणि ते घडले. ते भुकटीपासून बनते. वितळलेल्या धातूचा फवारा वायूच्या झोताने उडवतात, प्रत्येक थेंब क्षणार्धात गोठतो, त्यामुळे कार्बाइडांना वाढायला सवड मिळत नाही, आणि मग ती भुकटी प्रचंड दाबाखाली तापवून एकजीव करतात. नेहमीच्या पद्धतीने ओतलेले डी२ म्हणजे अख्ख्या शेंगदाण्यांची चिक्की, तर भुकटीचे पोलाद म्हणजे तिळाची. तुकडा मोडताना पहिली कुठे फुटते ते आपल्याला माहीत आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यातली एक पिन डी२ च्या धारेखाली आली तेव्हा तिथे भिंगातून दिसणारी कपची उडाली. तशीच पिन १४सी२८एन खाली आली, तर धार नुसती वळली आणि चामड्याच्या पट्ट्यावर ओढताच सरळ झाली.

आता धार लावण्याविषयी, जिथे माझ्या मते निवडीचा खरा निकाल लागतो. व्हॅनेडियमच्या कार्बाइडाचा कठीणपणा विकर्स मापावर सुमारे २८०० असतो, तर आपल्या नेहमीच्या निसण्यातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचा २००० च्या आसपास. म्हणजे साध्या दगडावर एस३५व्हीएन घासताना दगड भोवतालचे पोलाद झिजवतो, पण कार्बाइडे त्याला दाद देत नाहीत. धार लागते, मात्र वेळ खाते, आणि मागच्या बाजूला आलेली धातूची पातळ वळ सहजी सुटत नाही. त्यासाठी डायमंडचा दगड हवा. क्रोमियमची कार्बाइडे १५०० च्या घरातली असल्याने डी२ साध्या दगडालाही वश होते, पण सावकाश. १४सी२८एन मध्ये कार्बाइडे थोडी आणि अगदी बारीक आहेत; घरातल्या १००० नंबरच्या पाणदगडावर आणि नंतर पट्ट्यावर त्याला कागद रेशमासारखा चिरणारी धार इतक्या थोड्या श्रमात येते, की ती लवकर गेल्याचे वाईट वाटत नाही.

ऑगस्ट

कोनाचा प्रयोग. १४सी२८एन ची धार दर बाजूस २० वरून १६ अंशांवर आणली, आणि काथ्यावरचा फरक इतका स्पष्ट होता की डी२ जुन्या कोनात ठेवले असता दोघांतले अंतर जवळजवळ मिटले. यामागे मोजमापाचा आधारही आहे. पोलादांवर काम करणारे अमेरिकी धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी काट्रा चाचणीच्या निकालांवरून जे समीकरण मांडले आहे, त्यात धारेचा एकूण कोन एक अंशाने कमी करणे आणि कठीणपणा एक रॉकवेलने वाढवणे यांचा परिणाम साधारण सारखाच येतो. दोन्ही बाजू मिळून आठ अंश उतरवले म्हणजे किती मिळाले, ते वाचकाने ताडून पाहावे. पण हा लाभ चिवट पोलादालाच घेता येतो. डी२ इतके बारीक केले तर कडेवरची मोठी कार्बाइडे निखळतात. कार्बाइडांनी भरलेल्या पोलादाची स्तुती करताना आपण कोनाचा हा मुद्दा फार सहज विसरतो.

दुसरी गोष्ट पाणी देण्याची. लोहाराच्या भाषेत ज्याला पाणी देणे म्हणतात, त्या क्रियेवर पात्याचे अर्धे भवितव्य ठरते, आणि नेमकी तीच पात्यावर कोरलेली नसते. १४सी२८एन हजार अंश सेल्सिअसच्या बरेच वर तापवून झपाट्याने थंड करावे लागते, मग शून्याखाली गोठवले तर आणखी कठीण होते, आणि शेवटी सुमारे दोनशे अंशांवर टेंपर करतात, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवतात. हेच काम आखडते घेतले, तर ५६-५७ वर अडकलेले पाते मिळते आणि दोष पोलादाच्या नावावर जातो. उलट गंजरोधक पोलाद पाचशे अंशांच्या आसपास टेंपर केले, तर क्रोमियम कार्बाइडात अडकून गंजाचा प्रतिकार घटतो. म्हणून माझा आग्रह असा की कारखाना रॉकवेलचा पल्ला छापतो की नाही ते आधी पाहावे. मंडळींपैकी एकाकडे अतिशय स्वस्तात आलेला, पात्यावर ‘डी२’ कोरलेला एक चाकू आहे. तो साध्या दगडावर लोण्यासारखा झिजतो आणि कानस चालवली तरी दाद देतो. ते डी२ आहे यावर आमचा कोणाचा विश्वास नाही.

मॅग्नाकटचे नाव प्रत्येक बैठकीत निघते, म्हणून त्याचीही नोंद करतो. हे लॅरिन थॉमस यांनीच आखलेले आणि २०२१ मध्ये बाजारात आलेले पोलाद. त्यात क्रोमियम पावणेअकरा टक्क्यांच्या आसपासच आहे, पण मिश्रण असे साधले आहे की क्रोमियमची कार्बाइडे उरतच नाहीत. जवळपास सारे क्रोमियम मोकळे राहते आणि झीज रोखण्याचे काम व्हॅनेडियम व नायोबियमची बारीक कार्बाइडे करतात. डी२ मध्ये जे बिघडते तेच इथे मुद्दाम दुरुस्त केलेले आहे. कल्पना अत्यंत सुंदर आहे, यात वाद नाही. पण असा चाकू परदेशातून मागवला तर किंमत, वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून जी रक्कम होते, ती कलमांच्या पट्ट्या सोडवण्यासाठी मोजायची माझी तयारी नाही.

सप्टेंबर

निवड झाली: १४सी२८एन. एस३५व्हीएन चे पाते परत करताना जीव थोडा अडखळला हे खरे, पण माझ्याकडे कामाचे डोंगर नाहीत आणि दगड नेहमी हाताशी असतो. दिवसभर खोकी फोडणाऱ्या माणसाने माझ्या उलट निर्णय घेतला तर तो बरोबरच ठरेल. या पोलादाचे कूळही मला भावते. स्वीडनच्या सँडविकने दाढीच्या पात्यांसाठी वापरात असलेल्या १३सी२६ ला पुढे नेऊन ते घडवले आहे: कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४, आणि थोडासा, ०.११ टक्के, नायट्रोजन. हा नायट्रोजनच यातली खुबी आहे, कारण तो कार्बनप्रमाणे कठीणपणा देतो, पण त्यापायी क्रोमियम खर्ची पडत नाही आणि गंजाचा प्रतिकार उलट वाढतो. सँडविकचा हा विभाग २०२२ पासून अलाइमा या नावाने वेगळा झाला आहे, त्यामुळे जाहिरातीत दोन्हीपैकी कोणतेही नाव दिसले तरी पोलाद तेच.

चाकू मागवला आहे: पाते आठ सेंटिमीटरचे, दगडांत घोळवलेल्या फिनिशचे, लायनर लॉकचे (मुठीतली पत्र्याची पट्टी पाते अडवून धरते), मूठ जी१० ची (काचतंतू आणि राळ यांच्या थरांची) आणि मधून उघडी, म्हणजे फणसाचा चीक बिजागरीत गेला तर खोबरेल लावून सोडवता येईल आणि मग साबणपाण्याने धुऊन काढता येईल. बिजागरीत कायमचे म्हणून मात्र खोबरेल ठेवणार नाही. ते थंडीत थिजते आणि काही महिन्यांत चिकट होते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन त्या जागी चांगले, फळे कापायलाही निर्धोक. कारखाना ५८ ते ६० रॉकवेल छापतो. पाते आल्यावर आधी आहे त्या धारेने काथ्या कापून पाहीन, मग कोन १६ वर आणीन, आणि दिवाळीनंतर बागेतली छाटणी सुरू झाली की पुढची नोंद लिहीन.