सॉल्ट लेक सिटीतला विकलेला रस्ता

यलोस्टोनला जाणारी बरीच मराठी मंडळी सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर उतरतात, गाडी भाड्याने घेतात आणि थेट उत्तरेची वाट धरतात. आम्ही २०१९च्या जूनमध्ये गेलो तेव्हा माझी भाची जवळच्या लीहाय गावात नोकरी करत होती, म्हणून शहरात मुक्काम झाला. "मावशी, देऊळ तर बघशीलच, पण त्याला लागून जो चौक आहे ना, तो नीट बघ. तो आधी रस्ता होता," तिने गाडीतच सांगितलं. मी नगररचनेवर जमेल तेवढं वाचत असते, हे तिला ठाऊक आहे.

ट्रॅक्सची लोकल मेन स्ट्रीटवरून उत्तरेकडे येते आणि साउथ टेंपल रस्त्याला लागली की डावीकडे वळते. वळणावर मेन स्ट्रीट संपतो. पुढे डांबर नाही, घासून गुळगुळीत केलेल्या दगडाची फरसबंदी, फुलांचे ताटवे आणि तेव्हा एक मोठा उथळ हौदही होता, ज्यात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं सहा मनोऱ्यांचं मंदिर उलटं दिसत होतं. हे मंदिर बांधायला १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षं लागली. दगड लिटल कॉटनवुड दरीतून आला, सुरुवातीला बैलगाड्यांवरून. त्या दिवशी हौदाच्या काठावर फोटोसाठी नवऱ्या मुलींची रांग लागली होती. गळ्यात नावाच्या पट्टीवर आपापल्या देशाचा झेंडा लावलेल्या प्रचारक मुली हसून विचारपूस करत होत्या. जागा सुंदर आहे, आणि अतिशय निगुतीने राखलेली आहे.

साउथ टेंपलच्या फुटपाथवर एक माणूस हातात फलक घेऊन उभा होता. मजकूर मॉर्मन चर्चच्या विरोधातला होता. फुटपाथचं काँक्रीट जिथे संपून चौकाची फरशी सुरू होते, तिथून वीतभर अलीकडे त्याचे बूट होते. पलीकडे सूट घातलेला, कानात यंत्र लावलेला सुरक्षारक्षक. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. फलकवाला फेऱ्या मारत होता, पण त्या सांध्यावर त्याचा पाय एकदाही पडला नाही. मी बराच वेळ ते बघत उभी राहिले, कारण या शहराचं एक जुनं भांडण त्या सांध्यावर येऊन थांबलेलं आहे.

मॉर्मन लोक इथे जुलै १८४७मध्ये आपला पुढारी ब्रिगम यंग याच्या नेतृत्वाखाली पोचले. त्यांनी आधी मंदिराची जागा ठरवली आणि मग तिच्याभोवती शहर आखलं. रस्ते १३२ फूट रुंद. पत्ते आजही मंदिराच्या आवाराच्या कोपऱ्यापासून मोजतात. ३०० साउथ म्हणजे तिथून दक्षिणेला तिसरा रस्ता. चर्चच्या माणसांना या भागाबद्दल आपलेपणा वाटतो, तो मला समजतो. पण शहर वाढलं, वेगवेगळ्या श्रद्धांची आणि अश्रद्ध माणसंही आली, आणि आज शहरात मॉर्मन निम्म्याहून कमी आहेत. रस्ता मात्र सगळ्यांचा होता.

१९९९मध्ये, डीडी कोराडिनी महापौर असताना, शहराने मेन स्ट्रीटचा हा अख्खा एक ब्लॉक चर्चला ८१ लाख डॉलरना विकला. मतदान ५ विरुद्ध २ झालं आणि ते धर्माच्या रेषेवरच फुटलं: बाजूचे पाचही नगरसेवक मॉर्मन, विरोधातले दोघे इतर. सार्वजनिक बागेत असतात त्याहून कडक निर्बंध इथे नकोत, अशी अट नियोजन आयोगाने सुचवली होती. अंतिम ठरावातून ती गळाली. शहराने पायी जाण्या-येण्याची वहिवाट राखून ठेवली, पण त्या वहिवाटीवर काय करायचं नाही याची यादी जोडून: निदर्शनं नाहीत, पत्रकं वाटायची नाहीत, सिगारेट नाही, सायकल नाही, असभ्य बोलणं किंवा पोशाख नाही. चर्चला मात्र आपला प्रचार करायची मुभा. मला खटकतं ते हेच. वहिवाट राखायची आणि तिच्यावरून चालणाऱ्याचं तोंड बंद करायचं, याला राखणं म्हणत नाहीत.

एसीएलयू ही नागरी हक्कांची संघटना कोर्टात गेली. वादींमध्ये पहिलं नाव होतं फर्स्ट युनिटेरियन चर्चचं, म्हणजे दुसऱ्या एका चर्चनेच शहराला कोर्टात खेचलं होतं. ज्यांना हा धर्म विरुद्ध अधर्म असा सामना वाटतो, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. खालच्या कोर्टात ते हरले. ऑक्टोबर २००२मध्ये वरच्या, म्हणजे दहाव्या सर्किटच्या संघीय अपील कोर्टाने निकाल फिरवला. पादचाऱ्यांची वाट शहराकडे आहे तोवर तिथे बोलण्याचं स्वातंत्र्यही आहे, असं कोर्टाचं म्हणणं. वाट ठेवायची तर बोलणं सोसा, नाहीतर वाटच सोडा.

निकालानंतर रस्त्यावरचे मॉर्मनविरोधी प्रचारक चौकात आले आणि नवऱ्या मुलींच्या अंगावर ओरडू लागले. लग्नाच्या दिवशी कुणाच्याही वाट्याला हे येऊ नये, आणि त्या ओरडण्याला मी कणभरही माफ करत नाही. पण त्यावर वेळेचे, जागेचे, आवाजाचे नियम घालता आले असते. महापौर रॉकी अँडरसन यांनी आधी तेच सुचवलं होतं. पुढे तेही अदलाबदलीकडे वळले. २००३मध्ये शहराने वहिवाट सोडली. बदल्यात चर्चने पश्चिमेकडच्या ग्लेनडेल वस्तीत सुमारे दोन एकर जमीन दिली, आणि तिथे समाजकेंद्र उभारण्यासाठी देणग्या उभ्या राहिल्या. २००५मध्ये कोर्टाने हा व्यवहार मान्य केला.

याचा अर्थ काय, ते जुलै २००९मध्ये कळलं. रात्री घरी परतणाऱ्या दोन पुरुषांपैकी एकाने चौकातून जाताना दुसऱ्याचं चुंबन घेतलं. रक्षकांनी त्यांना धरून बेड्या घातल्या, आणि पोलिसांनी त्यांच्यावर अनाहूत प्रवेशाचा आरोप ठेवला. शहराने नंतर खटला मागे घेतला. त्याच्या दहा वर्षं आधी तोच मेन स्ट्रीट होता. तिथे कुणी त्यांना अडवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्लेनडेलला गेलो. कष्टकरी वस्ती, लॅटिन अमेरिकेतून आणि पॅसिफिक बेटांवरून आलेली कुटुंबं. केंद्रात संगणकांची खोली आहे, छोटं नाट्यगृह आहे, दारात मुलांची झुंबड होती. ते केंद्र हवंच होतं. पण त्या मुलांच्या संगणकासाठी शहराला मध्यवस्तीतला हक्क सोडावा लागावा, हे मला पटलं नाही. तो खर्च शहराच्या अंदाजपत्रकात बसायला हवा होता. सौदा झाला तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक समाधानी होते म्हणतात. भाचीचंही तसंच मत: "मावशी, लोकांना काहीतरी मिळालं तरी." आमचा वाद परत येईपर्यंत चालला.

चौकासमोर सिटी क्रीक सेंटर आहे, चर्चनेच बांधलेला, उघडमीट करणाऱ्या काचेच्या छताचा मॉल, २०१२मध्ये सुरू झालेला. त्याचा पादचारी पूल मेन स्ट्रीटवरून जातो आणि त्यासाठी शहराला आपले नियम बदलावे लागले. रविवारी दुकानं बंद.

तुम्ही जाणार असाल तर हे लक्षात ठेवा: मंदिर २९ डिसेंबर २०१९पासून भूकंपरोधक कामासाठी बंद करण्यात आलं, त्यामुळे मी पाहिलं तसंच दृश्य मिळेल असं नाही. शहराच्या मध्यभागात ट्रॅक्सला तिकीट लागत नाही. टेंपल स्क्वेअरला उतरा, साउथ टेंपलच्या फुटपाथवर जिथे काँक्रीट संपतं तिथे थांबा, आणि मग वेळ काढून ग्लेनडेललाही जाऊन या.